पात्र, अधिकारी, लायक : पुण्याच्या दक्षिणेच्या इतिहासातील तीन शब्द

मराठीत ‘पात्र’ हा शब्द नदीला लागतो, स्वयंपाकघरातील भांड्याला लागतो, नाटकातील भूमिकेला लागतो आणि एखादी गोष्ट मिळण्यास योग्य असलेल्या माणसालाही लागतो. संस्कृतातील ‘पा’ म्हणजे पिणे या धातूशी त्याचे नाते असून पिण्याचे भांडे हा त्याचा जुना अर्थ आहे. ज्यात ओतलेले सांडत नाही ते पात्र, आणि ज्याला दिलेले वाया जात नाही तो माणूसही पात्र, अशा रीतीने भांड्यावरून हा शब्द माणसावर आला. धर्मशास्त्रकारांना एवढ्याने समाधान झाले नाही. पतनापासून जो तारतो तो पात्र, अशी त्यांनी शब्दाची फोड केली, आणि ती व्याकरणाच्या दृष्टीने ओढूनताणून केलेली असली तरी इतिहासाच्या अभ्यासकाने ती टाकून देऊ नये, कारण तारला कोण जातो हे तिच्यावरून कळते. तारला जातो तो दान देणारा. घेणाऱ्याची गरज किती मोठी आहे हा विचार येथे मागे पडतो आणि त्याला दिल्याने दात्याच्या पदरी पुण्य पडेल की नाही, हा प्रश्न पुढे येतो.

या प्रश्नाचे उत्तर ठरवण्यासाठी स्मृतिकारांनी आणि निबंधकारांनी, म्हणजे स्मृतींतील वचने विषयवार एकत्र करून त्यांची चर्चा करणाऱ्या पंडितांनी, पुष्कळ श्रम घेतले. नुसत्या विद्येने किंवा नुसत्या तपाने पात्रता येत नाही, त्या दोहोंना आचरणाची जोड असावी लागते, असे याज्ञवल्क्यस्मृतीचे मत आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार करताना स्थळ, वेळ आणि पात्र पाहून दिलेले दान पहिल्या प्रकारात घातले आहे, तर अपात्राला अवहेलनेने दिलेले दान शेवटच्या प्रकारात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यातील एक संपूर्ण खंड दानाला वाहिलेला आहे आणि दान कोणास द्यावे, कोणास देऊ नये याची चर्चा त्यात विस्ताराने आली आहे. मराठीत आजही रुळलेला ‘सत्पात्री दान’ हा शब्दप्रयोग याच विचारातून आला. मात्र ग्रंथांतील ही सर्व चर्चा एका दात्याला आणि एका घेणाऱ्याला समोर ठेवून केलेली आहे. देणारे राज्य असेल, घेणारे हजारोंनी असतील आणि वाटप एका ठरावीक महिन्यात उरकावयाचे असेल, तर पात्र कसे निवडावे, याचे उत्तर तीत सापडत नाही, आणि अठराव्या शतकातील पुण्याला नेमके तेच हवे होते.

दक्षिणा म्हणजे मुळात यज्ञाच्या शेवटी ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांना, दिले जाणारे मानधन. पुढे कोणत्याही धर्मकृत्यानंतर ब्राह्मणाला द्यावयाच्या द्रव्याला हे नाव मिळाले. पेशवाईत मात्र ‘दक्षिणा’ असे नुसते म्हटले की श्रावण महिन्यात पुण्यात होणारे सरकारी द्रव्यवाटप असाच अर्थ घेतला जाई. ही प्रथा पेशव्यांनी सुरू केलेली नाही. शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे हे तळेगावी विद्वान ब्राह्मणांना दरसाल दक्षिणा देत असत; १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढताना त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पडले, दाभाड्यांच्या घराण्याचे तेज ओसरले आणि त्यांचा हा धर्मादाय पहिल्या बाजीरावाने पुण्यात चालू ठेवला. ज्या घराण्याचा रणांगणावर पाडाव केला त्याचेच दानव्रत पुढे चालवण्यात श्रद्धा किती आणि राजकारण किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. दोहोंत फरक आहे असे त्या काळच्या माणसाला वाटत असावे, असे मानण्याचेही कारण नाही.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात या वाटपाचा पसारा वाढला. महाराष्ट्राबाहेरून, काशीपासून कर्नाटक-तेलंगणापर्यंतचे ब्राह्मण श्रावणात पुण्याची वाट धरू लागले, आणि गर्दी आवरण्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींनी बंदिस्त केलेले एक मोठे आवार वापरात आले. त्याला रमणा म्हणत. हे नाव पर्वतीच्या परिसरात अजून टिकून आहे. येथे दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली चालत, आणि त्यांत गल्लत केल्यास या प्रथेचे स्वरूपच ध्यानी येत नाही. नामांकित विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांना योग्यतेनुसार रक्कम ठरवून दिली जाई. बाकीच्यांना रमण्यात कोंडून, एकेकाला दाराबाहेर सोडताना हातावर थोडी रक्कम ठेवली जाई, आणि तेथे जन्माखेरीज दुसरी परीक्षा जवळजवळ नव्हती. परीक्षेला बसणाऱ्यांतही दोन वर्ग होते. वैदिक म्हणजे ज्यांनी वेद मुखोद्गत केला आहे असे. त्यांत संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि वेदांगे धरून दहा ग्रंथ पाठ असलेला तो दशग्रंथी, आणि मंत्रातील पदे पुढून मागे व मागून पुढे ठरावीक क्रमाने उलटसुलट म्हणण्याची किचकट पद्धत ज्याने साधली आहे तो घनपाठी. शास्त्री म्हणजे व्याकरण, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र अशा एखाद्या शास्त्रात ज्याची वाद करण्याइतकी गती आहे असा. स्मृतिकारांनी विद्येच्या बरोबरीने तप आणि आचरण यांची अट घातली होती, परंतु श्रावणातल्या काही दिवसांत शास्त्रीमंडळींना पारखता येत होती ती फक्त विद्या. आचरणाची परीक्षा घेण्याचे साधन कोणत्याही सरकारजवळ नसते. अशा रीतीने ग्रंथांतील तिहेरी पात्रता पुण्यात येता येता एकेरी झाली, आणि यात दोष कोणाचा नसून जे मोजता येते तेच कारभारात उरते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दक्षिणेच्या या परीक्षेवर थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळापासून रामशास्त्री प्रभुणे यांची देखरेख होती. साताऱ्याजवळील माहुलीचे हे गृहस्थ तरुणपणी सावकाराच्या घरी चाकरी करीत होते, पुढे काशीस जाऊन बाळंभट पायगुंडे यांच्यापाशी शिकले आणि पेशव्यांचे न्यायाधीश झाले; १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून झाल्यावर त्याचा चुलता रघुनाथराव याला देहांत प्रायश्चित्त सांगणारे म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक आख्यायिका मात्र दक्षिणेशी निगडित आहे. त्यांचे भाऊ दक्षिणा घेण्यास आले असता पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांनी शास्त्रीबोवांचा आप्त म्हणून मोठी रक्कम देण्याचे सुचवले, तेव्हा हा माझा भाऊ असला तरी विद्वान नाही, इतर सामान्य ब्राह्मणांना मिळते तेवढेच त्याला मिळावे, बंधू म्हणून जे करावयाचे ते मी घरी करीन, असे रामशास्त्री म्हणाले. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, ती लोकांनी जपून ठेवली यावरून दोन गोष्टी दिसतात. सरकारी दक्षिणा आणि घरचा धर्म यांत फरक करावा, हा विचार त्या काळी समजण्यासारखा होता. आणि तो फरक प्रत्यक्षात पाळणारे इतके थोडे होते की पाळणाऱ्याची गोष्ट झाली.

पात्र शब्दाचा जोडीदार असलेला ‘अधिकारी’ हा शब्द याच काळात वेगळ्या वाटेने चालला होता. आज अधिकारी म्हणजे कचेरीतला साहेब, आणि अधिकार म्हणजे हुकूम करण्याची शक्ती किंवा कायद्याने मिळालेला हक्क. जुन्या मराठीत आणि शास्त्रग्रंथांत अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची किंवा एखादी विद्या घेण्याची योग्यता. वेदाध्ययनाचा अधिकार कोणास, संन्यासाचा अधिकार कोणास, असे प्रश्न मीमांसक विचारीत. पात्राला काही मिळते, अधिकाऱ्याला काही करता येते, असा या दोहोंतील फरक सांगता येईल. वारकरी संतांनी दानाच्या पात्रतेवर फारसा वाद घातला नाही, परंतु नामस्मरणाचा अधिकार सर्वांना आहे असे सांगून त्यांनी या दुसऱ्या शब्दाचे कुंपण मोडले. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी तुकोबांना कवित्वाचा अधिकार नाही असे ठरवल्याची आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. त्याच रामेश्वरभटांनी पुढे तुकोबांचे शिष्यत्व पत्करले, हेही तीच परंपरा सांगते. पुण्याच्या दक्षिणेला या वादाचा स्पर्श झाला नाही. रमण्याची भिंत आणि इंद्रायणीचा काठ यांत अंतर फार नसले तरी एका ठिकाणची योग्यता दुसऱ्या ठिकाणी चालत नव्हती.

गावगाड्यात तर योग्यतेची भाषाच निराळी होती. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची वतने, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी पदे आणि त्यांबरोबरचे उत्पन्न, यांत हक्क, लाजिमा (म्हणजे वतनाबरोबर मिळणाऱ्या प्राप्ती) आणि मानपान हे शब्द नेहमी एकत्र येतात. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पोळी कोणाची आधी, विडा आणि टिळा कोणाला प्रथम, या वादांवर गोतसभा, म्हणजे वतनदार आणि गावकरी यांच्या निवाडासभा, भरत, साक्षीपुरावे होऊन महजर, म्हणजे सर्वांच्या निशाण्या असलेले निवाडापत्र, लिहून दिले जाई. मानकऱ्याने मान कमावलेला असण्याची गरज नव्हती; तो त्याच्याकडे चालत आलेला असे.

मराठीच्या शब्दभांडारात या सर्व थरांच्या खुणा राहून गेल्या आहेत. ‘योग्य’ म्हणजे मुळात जुंपण्याजोगा, गाडीला किंवा नांगराला चालेल असा. ‘अर्ह’ हा शब्द पूजार्ह आणि दंडार्ह अशा दोन्ही टोकांना जोडला जातो आणि आता जाहिरातींतील ‘शैक्षणिक अर्हता’ या जोडशब्दात तग धरून आहे. ‘कदर’, ‘किंमत’, ‘कुवत’ आणि ‘मगदूर’ हे अरबी शब्द फारसीच्या मार्गाने आले आणि त्यांना कोणी परके मानीत नाही. कष्टाचे ‘चीज’ होते तेव्हा फारसीत केवळ वस्तू असा अर्थ असलेला शब्द मराठीत सार्थकाचा अर्थ देतो. वाईट गोष्टींची योग्यता सांगण्यासाठी मराठीजवळ ‘धनी’ हा एक खोचक शब्द आहे, कारण शिव्यांचा धनी व्हावयाला धन लागत नाही. परंतु अव्वल इंग्रजीत, म्हणजे इंग्रजी राज्याच्या आरंभीच्या काळात, दक्षिणेच्या वादात जो शब्द मध्यभागी आला तो अरबी मूळ असलेला ‘लायक’. लायक म्हणजे एखाद्या कामास बसणारा, शोभणारा. पात्र कोण हे विचारताना दाता आपल्या पुण्याकडे पाहतो. लायक कोण हे विचारताना मालक आपल्या कामाकडे पाहतो. म्हणूनच की काय, ‘नालायक’ ही शिवी झाली आणि एखाद्याची ‘लायकी काढणे’ म्हणजे त्याचा पाणउतारा करणे झाले, तर ‘अपात्र’ हा शब्द अजूनही भांडणात कोणी वापरीत नाही, तो फक्त आदेशात येतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा श्रावणाच्या दक्षिणेचे काय करावयाचे हा प्रश्न इंग्रजांचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्यापुढे आला. रमण्यातले सरसकट वाटप नव्या सरकारला पटण्यासारखे नव्हते, परंतु ते एकाएकी बंद केले तर पुण्यातील वजनदार वर्ग दुखावेल हेही त्याला कळत होते. त्याने मधला मार्ग काढला. सरसकट वाटप थांबवून विद्वानांना देण्याची दक्षिणा सुमारे ५०,००० रुपयांच्या मर्यादेत चालू ठेवली गेली, आणि एल्फिन्स्टननंतरचा कमिशनर चॅपलिन याच्या कारकिर्दीत, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. दुसऱ्या बाजीरावाचा राहता वाडा शास्त्र्यांच्या पाठशाळेसाठी वापरला जावा, यात नव्या राज्यकर्त्यांची मुत्सद्देगिरी उघड दिसते. पुढे नव्या माणसांना दक्षिणेत घेणे बंद झाले आणि जुन्यांपैकी जो मरेल त्याची रक्कम शिल्लक पडू लागली. ही शिल्लकच पुढच्या वादाचे मूळ ठरली.

१८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, आणि त्यांच्या विचाराच्या पुण्यातील मंडळींनी मुंबई सरकारकडे एक अर्ज पाठवला. दक्षिणेचा पैसा जुन्या विद्येच्या पाठांतरावर खर्च न करता मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना बक्षिसे देण्याकडे वळवावा आणि ती मिळण्यास जातीची आडकाठी नसावी, अशी मागणी त्यात होती. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ याच सुमारास भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ पत्रात येत होती, आणि अर्थ न समजता पाठ केलेल्या विद्येवरचा त्यांचा राग वाचकांच्या ओळखीचा झाला होता. अर्जाची बातमी फुटताच शहरात खळबळ माजली, सभा भरल्या, सही करणारांवर बहिष्कार घालण्याची भाषा झाली. जोतीराव फुले यांच्या चरित्रकारांनी असे लिहिले आहे की अर्ज पोहोचवणाऱ्या सुधारकांच्या संरक्षणासाठी फुल्यांनी कष्टकरी लोक जमवून आणले होते. सनातन्यांची बाजू हास्यास्पद मानून सोडून देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे ही रक्कम पेशव्यांनी धर्मासाठी काढून ठेवलेली होती. दाता बदलला म्हणून पात्राची व्याख्या बदलता येते, हे त्यांना कबूल नव्हते. सुधारकांना दाता प्रजा आहे आणि सरकार तिचे कारभारी आहे असे वाटत होते. दोन्ही पक्ष पैशाविषयी बोलत होते, परंतु निवडण्याचा अधिकार कोणाचा हे ठरल्याखेरीज पैशाचे काहीच ठरणार नव्हते.

सरकारने अर्ज बराचसा मान्य केला आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. श्रावणातील परीक्षेची जागा हस्तलिखितांच्या परीक्षेने घेतली. मराठी गद्याच्या त्या बाल्यावस्थेत या बक्षिसांनी लेखकांना, विशेषतः भाषांतरकारांना, मोठाच आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वेळी पारितोषिकासाठी लिहिण्याची आणि परीक्षकाच्या रुचीकडे डोळा ठेवण्याची सवयही मराठी लेखकाला प्रथम येथेच लागली, असे म्हणावेसे वाटते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात शिक्षणाचे काम पाहणारे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या उपस्थितीत सरकारने जोतीराव फुल्यांचा त्यांच्या शाळांबद्दल शालजोडी देऊन जाहीर सत्कार केला. ज्या वाड्यात तीस वर्षे शास्त्री विद्यार्थ्यांना व्याकरण आणि न्याय शिकवीत होते, तेथे मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांना शिकवणाऱ्या माळी समाजातील तरुणाला सन्मानास योग्य ठरवले गेले.

परंतु याच फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले तेव्हा ते नापसंत झाले. त्या नाटकाचा विषय पाहता हा प्रसंग या इतिहासातला सर्वांत बोलका म्हणावा लागेल. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून एक जोशी तिच्या घरून ब्राह्मणभोजन आणि दक्षिणा कशी उकळतो, हे त्यात दाखवले आहे, आणि शेवटी ते दांपत्य रात्रशाळेत जाण्याचा निश्चय करते. दक्षिणेच्या पैशातून बक्षीस मिळावे म्हणून दक्षिणेवरचेच नाटक पुढे ठेवणे, ही फुल्यांची खोडी होती की सरळ विश्वास होता, हे सांगणे अवघड; पण कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे आपले पुस्तक मागे पडले, असे त्यांनी ‘गुलामगिरी’त १८७३ मध्ये स्पष्ट लिहिले. जातीची आडकाठी अर्जदारांच्या बाबतीत काढली गेली, परीक्षकांच्या बाबतीत तिचा विचार झाला नाही. नाटक फुल्यांच्या हयातीत छापले गेले नाही.

दक्षिणेचा दुसरा प्रवाह महाविद्यालयाकडे वळला. विश्रामबागेतील पाठशाळेचे रूपांतर होत होत १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव आले, आणि दक्षिणा फंडातून हुशार पदवीधरांना फेलो म्हणून वेतन मिळू लागले. त्यांनी स्वतः पुढचे शिक्षण घ्यावे आणि खालच्या वर्गांना शिकवावे, अशी ही व्यवस्था होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, गोपाळ गणेश आगरकर हे निरनिराळ्या काळातील दक्षिणा फेलो. श्राद्धपक्ष आणि सोवळेओवळे यांवर टीकेची झोड उठवणाऱ्या आगरकरांचा विद्यार्थिदशेतील चरितार्थ काही काळ श्रावणमासाच्या नावाने काढलेल्या पैशावर चालला, याची मौज त्यांच्यासारख्या तर्ककठोर माणसालाही वाटली असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी लायकीचा वाद पुण्यातून कोल्हापुरात गेला. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे छत्रपतींच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करण्याचा अधिकार आहे की नाही या वादात, अधिकार हा जुना शब्द आपल्या जुन्या अर्थाने शेवटचा मोठा झगडा लढला. त्याच सुमारास, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूरचे शाहू छत्रपती विलायतेत असताना त्यांच्या आज्ञेने एक हुकूम निघाला आणि संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात असे ठरले. लायक माणूस जेथून येईल तेथून घ्यावा, असा आक्षेप घेणारांना लायकी ही परीक्षेपूर्वीच तयार झालेली वस्तू वाटत होती. शाहू छत्रपतींच्या धोरणात ती संधी मिळाल्यावर तयार होणारी वस्तू होती. हुकुमाच्या मागे-पुढे त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली ती त्याच हिशेबाने. पात्र आणि लायक या दोन्ही शब्दांत तोवर न आलेला काळाचा घटक, म्हणजे आज नसलेली योग्यता उद्या येऊ शकते हा विचार, राज्यकारभारात प्रथम येथे ठळकपणे उमटला.

स्वातंत्र्यानंतरच्या शासकीय मराठीने या सर्व शब्दांतून पुन्हा ‘पात्र’ हाच उचलला. शिक्षक पात्रता परीक्षा आहे, आमदारांच्या अपात्रतेची याचिका आहे, योजनांचे पात्र लाभार्थी आहेत. मुंबईत तर या शब्दावर घरे उभी राहतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत झोपडीधारकांची जी यादी सक्षम प्राधिकारी प्रमाणित करतो तिला परिशिष्ट-दोन म्हणतात, आणि तीत प्रत्येक नावापुढे पात्र किंवा अपात्र असा शेरा असतो. विद्या, तप, आचरण यांपैकी काहीही तेथे विचारले जात नाही; झोपडी अमुक तारखेपूर्वीची आहे याचा कागद विचारला जातो. ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, नंतर १ जानेवारी २००० झाली, आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर देण्याची तरतूद आली. प्रत्येक वेळी तारीख पुढे सरकली तेव्हा आदल्या दिवशी अपात्र असलेली कितीतरी कुटुंबे त्याच झोपडीत, तोच कागद हाती धरून पात्र झाली.